गॅसच्या बिलात निर्बंधांची ओळ कुठे आहे? : जर्मनीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाशी जो वाद पेटला, तो तिथेच विझला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण दुसऱ्या दिवशी तो फोनवर सुरू झाला, मग दोन घरांनी एकमेकांकडे जाणं-येणं थांबवलं, आणि आता मंडळाचा पुढचा कार्यक्रम कोणी करायचा यातही त्याची अढी आडवी येतेय. एका बाजूचं म्हणणं असं, की रशियावरच्या निर्बंधांमुळे आपलं हीटिंगचं बिल वाढलं. निर्बंध उठवा, बाल्टिक समुद्रातली नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइन सुरू करा, सगळं पहिल्यासारखं होईल. दुसरी बाजू म्हणते, असं बोलणारे सगळे पुतिनचे भाट. मला दोन्ही पटत नाही. पहिल्यांचा हिशेब चुकलाय, आणि दुसरे कोणाला हिशेब मांडूच देत नाहीत.

मी इथल्या एका शहराच्या वीज-गॅस कंपनीत खरेदी विभागात काम करते. घाऊक बाजारातून गॅस कधी, किती भावाने आणि किती महिन्यांसाठी घ्यायचा हे ठरतं त्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसते. कंपनीच्या वतीने बोलत नाहीये, बोलूही शकत नाही. पण २०२१ पासूनचे भाव मी रोज पाहिलेत, आणि तुमच्यापैकी कित्येकांनी बिलाचे फोटो पाठवून 'ताई, हे काय आहे?' असं विचारलंय. त्या हक्काने लिहिते.

आधी तारखा बघू, कारण सगळी गफलत तिथेच होते. युरोपच्या घाऊक बाजारात गॅसचा भाव वर्षानुवर्षं मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटांना) २० युरोंच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असायचा. २०२१ च्या उन्हाळ्यापासून तो चढायला लागला आणि डिसेंबरात दीडशेच्या पार गेला. रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या २४ फेब्रुवारी २०२२ ला. म्हणजे पहिला भडका उडाला तेव्हा हे युद्धही नव्हतं आणि त्यापायी लादलेले निर्बंधही नव्हते. क्रिमियाच्या वेळचे, २०१४ चे जुने निर्बंध होते, पण गॅसला त्यांनी हात लावला नव्हता.

तो डिसेंबर आठवतो का? तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर सगळ्यात वर दिसणाऱ्या स्वस्त कंपन्या एकामागून एक हात वर करत होत्या. आमच्या घरीही अशाच एका कंपनीचं पत्र आलं. बाजारातल्या असाधारण परिस्थितीमुळे आपला पुरवठा थांबवत आहोत, मीटरचं रीडिंग कळवा, एवढाच मजकूर. ऐन थंडीत. गॅस बंद पडला नाही, कारण अशा वेळी स्थानिक कंपनीने ग्राहकाला पदरात घ्यायचंच असा इथला कायदा आहे. पण ज्यांना असं नव्याने पदरात घेतलं त्यांना बऱ्याच ठिकाणी जुन्या ग्राहकांच्या कितीतरी पट दर लावला. तेव्हा मला आलेल्या फोनमध्ये एकानेही रशियाचं नाव काढलं नव्हतं. सगळे त्या कंपन्यांना शिव्या घालत होते, आणि ते बरोबरच होतं.

भाव चढायला कारणं बरीच होती. आधीचा हिवाळा लांबला होता, कोरोनानंतर आशियातली मागणी वाढली होती, वारा कमी होता. पण एक कारण जमिनीखाली होतं. लोअर सॅक्सनीतल्या रेडेन या गावी जर्मनीतला सगळ्यात मोठा गॅससाठा आहे. देशाच्या एकूण साठवणक्षमतेतला जवळपास पाचवा हिस्सा एकट्या तिथे मावतो. २०२१-२२ च्या हिवाळ्यात तो जवळजवळ रिकामा होता. मालक कोण? रशियाच्या सरकारी गॅस कंपनीची, गॅझप्रॉमची, उपकंपनी. गॅझप्रॉमने लांब मुदतीच्या करारातला गॅस दिला, पण वरचा जादा गॅस बाजारात आणला नाही आणि स्वतःची कोठारंही भरली नाहीत.

देशातलं सगळ्यात मोठं कोठार त्यांच्या हातात गेलं कसं, हे मात्र आपल्या वादात कोणी विचारत नाही. ते २०१५ मध्ये एका अदलाबदलीत दिलं गेलं. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या उपकंपनीने साठवण आणि व्यापाराचा धंदा गॅझप्रॉमला दिला, बदल्यात सायबेरियातल्या वायुक्षेत्रांत वाटा घेतला. क्रिमिया गिळल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. बर्लिनमधल्या सरकारने हरकत घेतली नाही. तेव्हा निर्बंधवाले आणि विरोधक असे गट नव्हते, सगळ्यांनाच स्वस्त गॅस हवा होता.

आता निर्बंधांकडे येते. युरोपीय संघाने रशियाच्या कोळशावर ऑगस्ट २०२२ पासून बंदी घातली, समुद्रमार्गे येणाऱ्या कच्च्या तेलावर ५ डिसेंबर २०२२ पासून, आणि डिझेलसारख्या शुद्ध मालावर ५ फेब्रुवारी २०२३ पासून. पाइपने येणाऱ्या गॅसवर त्या सगळ्या काळात बंदी नव्हती. ती घालायची हिंमतच नव्हती. २०२१ मध्ये जर्मनीच्या गॅस आयातीतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या रशियाचा होता. नळ फिरवला तो पलीकडून. आधी पैसे रुबलमध्ये द्या म्हणून फर्मान निघालं. एप्रिल २०२२ च्या अखेरीस पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस तोडला. जूनच्या मध्यावर नॉर्ड स्ट्रीममधून येणारा गॅस ४० टक्क्यांवर आणला, जुलैच्या अखेरीस २० टक्क्यांवर, आणि ऑगस्ट संपता संपता पूर्ण बंद. पाइपलाइनमध्ये स्फोट झाले २६ सप्टेंबरला. तोवर त्या नळातून गॅस यायचा थांबून जवळपास महिना होत आला होता.

इथे विरोधकांचा एक मुद्दा मी मान्य करते, नाहीतर तुम्ही तो काढालच. गॅझप्रॉमने कारण पुढे केलं होतं टर्बाइनचं. नॉर्ड स्ट्रीमच्या कॉम्प्रेसर केंद्रातलं एक सीमेन्सचं टर्बाइन दुरुस्तीला माँट्रियलला गेलं होतं आणि कॅनडाच्या निर्बंधांमुळे ते अडकलं होतं, हे खरंच आहे. पण कॅनडाने खास सवलत देऊन ते सोडलं, ते जर्मनीत म्युलहाइमला येऊन पडलं, आणि ३ ऑगस्टला चान्सलर शोल्त्स स्वतः त्याच्या शेजारी उभे राहून म्हणाले की हे तयार आहे, घेऊन जा. गॅझप्रॉमने कागदपत्रांच्या सबबी सांगितल्या. टर्बाइन तिथेच राहिलं. रशियाकडून युक्रेनमधून आणि पोलंडमधून येणारे दुसरेही नळ होते, त्यांतूनही तूट भरून काढली गेली नाही.

त्याच ऑगस्टच्या २६ तारखेला बाजारात भाव ३०० युरोंच्या वर गेला. मी तो आकडा पाहत होते आणि शेजारचे सहकारी नुसते टेबलावर बोटं वाजवत बसले होते. त्या दिवसांत सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोण होतं, तर जर्मनी स्वतः. कोठारं १ नोव्हेंबरपर्यंत ९५ टक्के भरलीच पाहिजेत असा नवा कायदा झाला होता, म्हणून सरकारच्या सांगण्यावरून मिळेल त्या भावाने गॅस घेतला जात होता. जो गॅस आदल्या वर्षी वीस-पंचवीसच्या भावाने रेडेनमध्ये भरून ठेवता आला असता, तो दहापट भावाने भरला. पुढे हिवाळा सौम्य गेला, भाव कोसळले, आणि तो महागाचा माल पडत्या भावाने विकावा लागला. तो तोटा कोणी भरला? २०२२ ते २०२५ मधलं एखादं बिल काढा आणि 'गासश्पायशरउमलागं' ही ओळ शोधा. गॅससाठ्याचा अधिभार. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो युनिटला ०.०५९ सेंट होता, जानेवारी २०२५ मध्ये ०.२९९ सेंट. वर्षाला १५ हजार युनिट जाळणाऱ्या घराला हे जवळपास ४५ युरो, कर वेगळा. जे स्वतंत्र मीटरवाले नाहीत त्यांच्याकडून तो घरमालकाच्या नेबेनकोस्टेनच्या (भाड्यावरच्या जादा खर्चाच्या) हिशेबातून गेला, दिसलाही नाही.

बिलातल्या बाकीच्या ओळीही जरा वाचा. कार्बनचा दर, म्हणजे इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा आकार, २०२३ मध्ये टनाला ३० युरो होता, २०२५ मध्ये ५५. घरच्या गॅसवर तो युनिटला साधारण एक सेंट पडतो. संकटाच्या काळात गॅसवरचा विक्रीकर १९ वरून ७ टक्क्यांवर आणला होता, तो एप्रिल २०२४ पासून परत १९ झाला. नळाचं भाडं वाढलं. आणि खुद्द गॅस? नोव्हेंबर २०२५ मध्ये घाऊक भाव ३० युरोंच्या आसपास होता. जुन्या भावाच्या दीडपट. ही दीडपट मात्र खरी आहे आणि ती लवकर जाणारी नाही. जहाजातून येणारा गॅस आधी उणे १६० अंशांपर्यंत थंड करून द्रव करायचा, समुद्रापार आणायचा, विल्हेल्म्सहाफेनसारख्या बंदरात पुन्हा वायू करायचा. तो सायबेरियातून सरळ नळाने येणाऱ्या गॅसच्या भावाला कधीच येणार नाही. मागच्या आठवड्यात 'निर्बंध गेले की बिल निम्मं' असं एक चित्र फिरत होतं. ज्याने केलं त्याने या चारपाच ओळी एकदा बेरजेला घ्याव्यात.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींना.

बिल वाढलं म्हणून ओरडणारा प्रत्येकजण भाट नसतो. मी लाइपझिगला राहते. ५ सप्टेंबर २०२२ च्या सोमवारी आउगुस्टुसप्लाट्झवर गेले होते. एका बाजूला डाव्या पक्षाची सभा, त्याच चौकात पलीकडे कडवे उजवे, मध्ये पोलिसांच्या गाड्या. १९८९ ला याच शहरात सोमवारचे मोर्चे निघाले होते, त्यामुळे सोमवार कोणाचा यावरही तिथे भांडण चाललं होतं. पण दोन्हीकडे बरीच माणसं अशी होती की ज्यांना युक्रेनबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. माझ्याशी बोललेल्या आजींच्या हातात त्यांचं दरमहा हप्ता वाढल्याचं पत्र होतं. नव्या हप्त्यावर त्यांनी पेनाने दोनदा गोल केला होता. अशा माणसाला 'स्वातंत्र्यासाठी जरा गारठूही शकतो आपण' असं दूरचित्रवाणीवरून सांगायचं, आणि ते सांगणारा माणूस माजी राष्ट्राध्यक्ष, योआखिम गाउक! ज्यांची घरं आधीपासूनच १८ अंशांवर होती त्यांनी काय करायचं होतं?

आणि श्वेटला काय सांगणार? पोलंडच्या सीमेवरचं हे गाव म्हणजे पीसीके रिफायनरी. सुमारे १,२०० माणसं तिथे कामाला, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गच्या गाड्या बव्हंशी तिच्याच इंधनावर चालतात. कच्चं तेल साठ वर्षं द्रुझबा पाइपलाइनने रशियातून यायचं. युरोपीय संघाने पाइपने येणाऱ्या तेलाला सूट दिली होती. हंगेरीने ती वापरली, जर्मनीने स्वतःहून सोडली. हा निर्णय बर्लिनचा, झळ श्वेटची. मे २०२२ मध्ये अर्थव्यवहार खात्याचे तेव्हाचे मंत्री हाबेक तिथल्या उपाहारगृहात टेबलावर उभे राहून कामगारांशी बोलले. धीट होते म्हणा, पण पुढे रॉस्टॉकच्या जुन्या नळातून, ग्डान्स्कच्या बंदरातून आणि कझाकस्तानातून तेल आणत रिफायनरी कशीबशी चालवावी लागली. मालकीचा घोळ २०२५ सरत आलं तरी सुटलेला नव्हता: ५४ टक्के हिस्सा रशियाची सरकारी तेल कंपनी रोसनेफ्टच्या जर्मन कंपनीचा, ताबा जर्मन सरकारचा, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने रोसनेफ्टवर निर्बंध लावल्यावर बर्लिनला वॉशिंग्टनकडून या कंपनीसाठी खास परवाना मागून घ्यावा लागला. श्वेटमधल्या कोणी निर्बंधांना विरोध केला तर मी त्याला मॉस्कोचा हस्तक म्हणणार नाही.

मदतीचे पैसे वाटले तेही डोळे मिटून. २०२३ मध्ये गॅसचा दर युनिटला १२ सेंटवर रोखला, पण तो आदल्या खपाच्या ८० टक्क्यांपुरता. म्हणजे ज्याचा खप मोठा त्याला सवलत मोठी. तळघरात पोहण्याचा तलाव तापवणाऱ्याला सरकारने जास्त पैसे दिले आणि एका खोलीत रेडिएटर चालू ठेवणाऱ्याला कमी. आपल्याकडून एम.एस.ला आलेली मुलं पाच-सहाजण एका फ्लॅटमध्ये राहतात. विद्यार्थ्यांचे २०० युरो त्यांना मागता आले मार्च २०२३ च्या मध्यावर, थंडी संपताना. तोवर एका घरातल्या मुलांनी झोपायच्या खोलीतलं हीटिंग पूर्ण बंद ठेवलं होतं. भिंतीला बुरशी आली आणि घरमालकाने ठेवीतून पैसे कापले.

या वादातलं तिसरं तोंड भारताचं. 'बघा, भारताने रशियाचं स्वस्त तेल घेतलं आणि हे मूर्ख गोरे गारठले.' हे वाक्य फराळाच्या टेबलाशी मी किमान तिघांकडून ऐकलं. भारताने तेल घेतलं यात मला गैर वाटत नाही. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्याही खाली होतं, पुढे ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. एप्रिल २०२२ मध्ये जयशंकर वॉशिंग्टनमध्ये म्हणाले होते की आमची महिन्याची खरेदी युरोपच्या एका दुपारच्या खरेदीपेक्षा कमी असेल. त्या वेळी ते बोलणं वाजवी होतं. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ देशांनी पिंपाला ६० डॉलरची मर्यादा घातली ती रशियाचं तेल बाजारात येत राहावं पण त्याला पैसे कमी मिळावेत म्हणूनच. अमेरिकेच्या अर्थमंत्री येलेन यांनी भारताने हवं तेवढं तेल घ्यावं असं तेव्हा उघड सांगितलं होतं. ते तेल जामनगर आणि वाडिनारला शुद्ध होऊन डिझेलच्या रूपात युरोपातही आलं. तुमच्या गोल्फ गाडीच्या टाकीत त्यातले काही थेंब पडले असतील.

पण स्वस्त तेलाने सामान्य माणूस सुखी झाला का? आपापल्या घरी फोन करून विचारा. मुंबईत पेट्रोल या सगळ्या काळात शंभरच्या वरच राहिलं. सवलतीतला मोठा वाटा रिफायनऱ्यांच्या आणि तेल कंपन्यांच्या नफ्यात गेला, थोडा सरकारच्या तिजोरीत. आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून त्याच तेलाचं निमित्त करून अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा ते भोगलं ते कपडे शिवणाऱ्याने, हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्याने, कोलंबी पाठवणाऱ्याने. तेलाच्या सौद्यात त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

आणखी एक प्रकरण इथल्या वर्तमानपत्रांत फार आलं नाही. गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या उपकंपनीशी आपल्या 'गेल' (GAIL) या सरकारी गॅस कंपनीचा २० वर्षांचा द्रवरूप गॅसचा करार होता. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने गॅझप्रॉमच्या जर्मन कंपनीचा ताबा घेतला, तिच्यासोबत ही उपकंपनीही आली. मॉस्कोने या कंपनीवरच उलटे निर्बंध लावले आणि २०२२ च्या मध्यावर भारताकडे यायची जहाजं थांबली. गेलला खत कारखान्यांचा गॅस कमी करावा लागला. कंपनीचं नाव पुढे 'सेफे' झालं, मालक जर्मन सरकार. तंटा लवादापर्यंत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरवर मिटला. त्याच २०२२ च्या जुलैमध्ये पाकिस्तानने सुमारे एक अब्ज डॉलरच्या गॅसची निविदा काढली तर एकही बोली आली नाही. युरोप जास्त भाव देत होता, जहाजं इकडे वळली, तिकडे रात्रीच्या रात्री दिवे गेले. आपली घरं उबदार राहिली ती अशीही. निर्बंधांचं समर्थन करणाऱ्या माझ्या मित्रांनी नैतिकतेवर बोलताना हे पान वगळू नये.

माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. अंजनवेलचं एन्रॉन आमच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं आणि बंदही पडलं. 'समुद्रात बुडवू' म्हणत सत्तेवर आलेल्यांनी १९९५ मध्ये तो करार रद्द केला आणि पुढच्याच वर्षी नव्याने मान्य केला. विजेचा दर डॉलरशी आणि नाफ्था या इंधनाच्या भावाशी बांधलेला, वीज घ्या वा न घ्या क्षमतेचे पैसे मोजायचेच. रुपया घसरला, नाफ्था महागला, आणि मे २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली. तेव्हा आमच्या घरी जेवताना वाद व्हायचे: दोष कोणाचा, परदेशी कंपनीचा, मंडळाचा, की सही करणाऱ्यांचा? वडील एकच विचारायचे, सही झाली तेव्हा दुसरा पर्याय कोणी मांडला होता का?

जर्मनीचा मॉस्कोशी झालेला गॅसकरार एन्रॉनसारखा वाईट नव्हता, हे कबूल. १९७० मध्ये एसेनला सह्या झाल्या, १९७३ मध्ये गॅस आला, आणि शीतयुद्धाच्या ऐन भरातही मॉस्कोने नळ बंद केला नाही. १९८२ मध्ये रेगन यांनी सायबेरियाच्या पाइपलाइनसाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीवर निर्बंध लावले, युरोपने ते जुमानले नाहीत, आणि नोव्हेंबरात त्यांनाच ते मागे घ्यावे लागले. 'इतकी वर्षं कधी दगा दिला नाही' हा विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. २०२२ च्या ऑगस्टपर्यंत मीही तो मानत असे. पण ज्याने एकदा भर बाजारात गॅस हत्यार म्हणून वापरला, त्याच्याकडून पुन्हा निम्म्याहून जास्त गॅस घेण्याचा प्रस्ताव आमच्या खरेदीच्या टेबलावर कोणी आणला तर त्याला जोखमीची किंमत विचारली जाईल, आणि ती धरली की तो गॅस स्वस्त उरत नाही. नॉर्ड स्ट्रीमच्या चारपैकी एक नळ शाबूत आहे. तो सुरू करायचा तर कोठारं कोणाच्या हातात, करार किती वर्षांचा, दुसरा पुरवठा किती, हे आधी सांगा. गंमत म्हणजे त्या पाइपलाइनवर युरोपचे थेट निर्बंध आले ते जुलै २०२५ मध्ये, नळ बंद पडून तीन वर्षं होत आल्यावर.

निर्बंधांनी युद्ध थांबलं नाही, हेही खरं. २०२२ मध्ये भाव चढल्यामुळे रशियाची तेल-गॅसची कमाई उलट वाढली. एकीकडे हे निर्बंध आणि दुसरीकडे बेल्जियम, फ्रान्स, स्पेनच्या बंदरांत रशियन द्रवरूप गॅसची जहाजं, असा दुटप्पीपणा वर्षानुवर्षं चालला. त्यावर पूर्ण बंदी ठरली ती २०२७ पासूनची. यावर जरूर भांडा. फक्त तुमच्या बिलाशी त्याची गाठ मारू नका, कारण त्या गाठीमुळे ज्यांच्याशी भांडायला हवं ते सुटतात.

अलीकडचीच दोन उदाहरणं देते. गॅससाठ्याचा तो अधिभार १ जानेवारी २०२६ पासून बिलातून गेला. छान. पण उरलेला तोटा भरायचं ठरलं ते हवामान निधीतून. याच निधीतून माणशी परतावा, 'क्लिमागेल्ड', देण्याचं आश्वासन २०२१ च्या आघाडी सरकारने दिलं होतं. कार्बनचा दर वाढला, परतावा आला नाही, आणि आता निधी कोठारांच्या जुन्या तोट्याला लागला. दुसरं, विजेवरचा कर. २०२५ मध्ये आलेल्या सरकारच्या करारात लिहिलं होतं की तो सगळ्यांसाठी युरोपीय किमान पातळीवर आणू. त्याच वर्षी उन्हाळ्यात ठरलं की सवलत उद्योगांना आणि शेतीला, घरांना नाही. युनिटला २.०५ सेंट तसेच राहिले. वर्षाला ३,००० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचे हे साठ-सत्तर युरो आहेत. ज्यांनी सरकारचं ऐकून विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवला त्यांचे दुप्पट-तिप्पट. यात पुतिनही नाही आणि ब्रुसेल्सही नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पासपोर्ट बदलून फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. कोणाला दिलं ते मला विचारायचं नाही. पण जे अजून ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीसाठीच्या निवास परवान्यावर, आहेत त्यांनाही एक गोष्ट करता येते: इथल्या राज्यघटनेच्या कलम १७ नुसार बुंडेस्टागकडे (संसदेकडे) अर्ज करायचा हक्क प्रत्येकाला आहे, नागरिक असो वा नसो. घरगुती विजेवरचा कर आणि क्लिमागेल्ड, या दोन मुद्द्यांचा अर्ज मी जर्मनमध्ये लिहून ठेवला आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या सभेला तो छापून आणते. ज्यांना निर्बंध उठवा असं लिहायचं आहे त्यांनी वेगळा अर्ज आणावा, भाषेला मदत लागली तर मी करेन, सही मात्र करणार नाही. येताना सगळ्यांनी गेल्या दोन वर्षांचे नेबेनकोस्टेनचे कागद घेऊन या. घरमालकाच्या हिशेबात चुका फार असतात, आणि हिशेब हातात पडल्यापासून बारा महिन्यांच्या आत हरकत घेतली तर पैसे परत मिळू शकतात.

आपली,
लाइपझिगमधली एक गुहागरकर